अंगठ्याची जागा

१

मेंदूच्या उपचार केंद्रात येणारं प्रत्येक डोकं तिच्या हाताखालून जायचं, आणि तरी एकाही माणसाचा चेहरा तिला धड आठवायचा नाही. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की ती आधी त्याच्या उजव्या हाताकडे बघायची आणि मग म्हणायची, "हां, तुम्ही होय!"

पेशंट तिला टोपीवाली म्हणत. पोहायला जाताना घालतात तसली घट्ट पांढरी टोपी ती आल्या माणसाच्या डोक्यावर चढवायची, पट्टीनं मोजून टोपीवर शाईच्या खुणा करायची, आणि मग आठच्या आकड्याच्या घडणीची ती जडशीळ कॉइल डाव्या कानाच्या वरच्या अंगाला टेकवायची. पायाखालचं पेडल दाबलं की टक्क असा आवाज व्हायचा, कवटीच्या आत चुंबकाचा एक ठोका पोचायचा, आणि कॉइल नेमकी बसली असेल तर मांडीवर सैल पडलेल्या उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडायचा. डोक्यावरच्या त्या ठिकाणाला केंद्रात सगळेच अंगठ्याची जागा म्हणत. ती एकदा सापडली की तिथून जरा पुढं, कपाळाच्या बाजूला सरकायचं. खरे उपचार तिथं. खिन्नतेनं मिटून गेलेली माणसं तिथल्या ठोक्यांनी हळूहळू उघडतात का, त्यांचं लक्ष आणि त्यांची आठवण सुधारते का, हा मोठ्या डॉक्टरीणबाईंचा अभ्यास होता, आणि त्या अभ्यासावर केंद्रातल्या सगळ्यांची चूल पेटत होती.

अंगठा शोधताना अंगठ्याकडेच बघायचं, हा या कामातला पहिला धडा. नजर हलली की झटका निसटतो, मग यंत्राची ताकद उगाच वाढवली जाते, आणि उद्या कुणाला फिट आली तर निस्तरणार कोण? म्हणून ती बघायची. पेशंट रडत असला, बायकोला शिव्या देत असला, तरी तिची नजर त्याच्या मांडीवरून हलायची नाही. तिला त्याचं वाईट वगैरे काही वाटत नसे. चेहऱ्यांचा तिला मनापासून वीट आला होता. चेहऱ्यांना सतत काहीतरी हवं असतं. अंगठा बिचारा काही मागत नाही.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना असा फिका हिरवा रंग की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटावं. यंत्राचा पंखा दिवसभर घुमायचा. मधोमध दातांच्या डॉक्टरकडे असते तसली मागं कलणारी खुर्ची, आणि त्या खुर्चीत हल्ली तिचा बाप बसायला लागला होता.

२

बापाला सगळे बाबा म्हणत, पण प्रेमानं म्हणत असं काही नाही.

उभी हयात त्यांनी उंच बांधकामांवर क्रेनला इशारे देण्यात घालवली. क्रेन चालवणारा वर, ढगात म्हणावा इतका उंच. खाली काय उचललं जातंय, कुठं टेकतंय, हे त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त इशारेवाल्याचा हात. अंगठा वर केला की माल वर, अंगठा खाली केला की माल खाली. त्या धंद्यात क्रेनवाल्यानं मालाकडे बघायचं नसतं, माणसांच्या आरडाओरड्याकडे बघायचं नसतं, स्वतःची अक्कल तर मुळीच चालवायची नसते. हात सांगेल ते करायचं. बाबांच्या हाताला अख्ख्या बांधकामावर मान होता. त्यांच्या तोंडाला मात्र कुणीच विचारत नसे, कारण तोंड म्हणजे नुसतं गटार.

घरीही तोच खाक्या. पोरांशी बोलून कोण दमणार? अंगठा वर झाला की पोरांनी उठायचं, खाली झाला की बसायचं. ती आणि तिचा धाकटा भाऊ ताटावरून असे कितीदा उठले असतील, तोंडात घास तसाच ठेवून. पाहुणे कौतुकानं हसायचे. आई हसायची नाही. आई लवकर गेली आणि सुटली, असं टोपीवालीचं स्पष्ट मत होतं.

कामावरून निवृत्त झाल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. आंघोळ नाही, दाढी नाही, जेवण घातलं तर खाल्लं. भाऊ केव्हाच दुसऱ्या गावी पळाला होता, त्यामुळं धुणं-पुसणं सगळं हिच्या गळ्यात. लग्न राहिलं, तेही असंच.

आणि आता, एवढ्या वर्षांनी, तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळानं बोलावलं होतं. पगार चांगला, राहायला खोली, खोलीला खिडकी. महिन्याअखेर रुजू व्हायचं. तिनं भावाला फोन लावला.

"नेईन की मी बाबांना," भाऊ म्हणाला. "पण ताई, स्वतःचं स्वतः करायला लागले तरच. हागमूत काढणं मला जमायचं नाही, बायको घर सोडून जाईल."

"आणि मला जमलं ते?"

"तू तूच गं."

असा तिला संताप आला! पण सुटकेची वाट तेवढी एकच होती. तिनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले, म्हणजे जवळजवळ धरलेच, आणि बापाचं नाव अभ्यासात घालून घेतलं.

"नात्यातलं माणूस आपण घेत नाही हो," डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "घेतेय ते तुमच्या तोंडाकडे बघून. उद्या काही भानगड झाली तर मला यातलं काही ठाऊक नाही, समजलं?"

३

पहिले काही दिवस सगळं सुरळीत. बाबा खुर्चीत बसत, ती टोपी चढवी, कॉइल टेकवी. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. तिला बरंच होतं.

घोळ लक्षात आला तो ठोक्याची ताकद पुन्हा मोजण्याच्या दिवशी. ठराविक दिवसांनी अंगठ्याची जागा परत तपासतात, कारण मेंदूचा मूड रोज सारखा नसतो. तिनं बाबांच्या अंगठ्याच्या बुडाशी स्नायूची हालचाल टिपणारे चिकटपट्टे लावले, कॉइल जागी ठेवली, पाय पेडलवर ठेवला.

अंगठा उडाला. टक्क.

ती थबकली. काहीतरी उलटं वाटलं, पण काय ते चटकन कळेना. जिन्यात आपण एक पायरी जास्त धरली की पाऊल कसं फसतं, तसं झालं. तिनं पुन्हा दाबलं.

अंगठा उडाला. टक्क.

आधी टक्क व्हायला हवं. आधी ठोका, मग अंगठा. इतकी वर्षं, इतकी डोकी, कधीही दुसरं काही घडलं नव्हतं. तिनं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर ठोक्याची एक उभी रेघ असते आणि स्नायूची लाट तिच्या किंचित उजवीकडे, म्हणजे नंतर, उमटते. बाबांची लाट रेघेच्या डावीकडे होती. सुबक, गुबगुबीत, कुठंही खरखर नाही. नुसती चुकीच्या बाजूला.

वायर ढिली असेल. तिनं चिकटपट्टे बदलले. लाट डावीकडेच. यंत्र बंद करून चालू केलं. लाट डावीकडे, आणि आता आणखी थोडी लांब.

"हात सैल सोडा," ती खेकसली. "उगाच हलवू नका."

"मी कुठं हलवतोय?" बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत ते तिच्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य. त्यात एवढा तिरस्कार होता, की तिनं मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, पण सवय जाते थोडीच.

४

डॉक्टरीणबाईंनी पडदा बघितला आणि नाक मुरडलं.

"अहो, साधं आहे. दाबायच्या आधी तुमचा बूट करकरतो. म्हाताऱ्याचे कान तिखट आहेत. करकर ऐकली की अंगठा हलवतो. चावट आहेत तुमचे वडील, बाकी काही नाही."

टोपीवालीनं बूट काढले. मोजे काढले. बाबांच्या कानात बोळे तर असतातच, वरून आवाज बंद करणारे जाड हेडफोन चढवले. पाय दिसू नयेत म्हणून मध्ये चादर लावली. अंगठा आधी, टक्क नंतर.

"मग यंत्राला स्वतःचं स्वतः दाबू दे," डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या. "मनाला येईल तेव्हा. बघू काय होतं ते."

यंत्र आपल्या मर्जीनं ठोके देऊ लागलं. टक्क, अंगठा. टक्क, अंगठा. लाट रेघेच्या उजवीकडे, पुस्तकात छापावी अशी.

"झालं समाधान?"

"मॅडम, आता मी दाबते. परत एकदा."

ती बसली. पाय पेडलवर नेला. ठरवलं होतं, मनात एखादी कविता म्हणायची आणि मध्येच कुठंतरी अचानक दाबायचं, म्हणजे कुणाला सुगावा लागणार नाही. तिनं मनातल्या मनात सुरुवात केली. पहिली ओळ संपायच्या आत बाबांचा अंगठा सावकाश वर उचलला गेला, जरा थांबला, आणि मग टक्क.

पेडल तिच्याच पायानं दाबलं होतं, पण तिनं अजून दाबायचं ठरवलंच नव्हतं.

यंत्रानं दाबलं तर सगळं ठीक. तिनं दाबलं तरच उलटं. म्हणजे घोळ यंत्रात नव्हता, बापाच्या डोक्यातही नव्हता. उरलं कोण?

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे गोगलगायीकडे बघावं तसं बघितलं. तिनं भीत भीत लहानपणची गोष्ट सांगितली, ताटावरून उठण्याची, अंगठ्याची. बाई खो-खो हसल्या.

"मग प्रश्नच मिटला की! तुम्हाला लहानपणीच वळण लावलंय. त्यांचा अंगठा हलला की तुमचं अंग हलतं, आणि वाटतं की मीच दाबलं. मेंदू असाच असतो, आधी करतो आणि मग कारण शिवतो. उद्यापासून तुमच्या वडिलांना यंत्र आपोआप ठोके देईल. तुम्ही फक्त कॉइल धरा. आणि हे कुठं बोलू नका, लोक आपल्याला वेड्यात काढतील."

स्पष्टीकरण चोख होतं. ती घरी जाईपर्यंत ते तिला पुरलंसुद्धा.

५

बाबा सुधारले. दृष्ट लागावी असे सुधारले.

उपचार अजून चालूच होते, पण आपली दाढी आपण करू लागले, मोरीत स्वतः जाऊ लागले. लक्षाच्या चाचणीत त्यांनी तरुण पेशंटांनाही मागं टाकलं. आणि तोंड तर असं सुटलं, की गेल्या काही वर्षांची कसर भरून काढली. "हा चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी?" "चालतेस कशी बघ, म्हैस बरी." तिनं ऐकून घेतलं. कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली होती, महिनाअखेर जवळ आली होती, काय बोलायचंय ते बोला म्हणावं.

पण बोलण्याचा आणि हाताचा मेळ बसत नव्हता.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. दोन्ही हात टेबलावर, निवांत. ती ओट्याशी पाठमोरी. मग ती वळायची, आणि हातात पाण्याचा ग्लास असायचा. कुणी पाणी मागितलेलं नसायचं. ती टेबलाकडे बघायची, तर अंगठा नुकताच खाली टेकत असायचा.

एकदा तिनं बघितलं, की घराच्या सगळ्या खिडक्या बंद आहेत. आपण बंद केल्या हे तिला आठवत होतं. का केल्या हे आठवत नव्हतं. गार वारा येत असेल, तिनं स्वतःला समजावलं. बाहेर पानही हलत नव्हतं.

एकदा ती बाहेरच्या खोलीत भिंतीजवळ उभी असल्याचं तिच्या ध्यानात आलं. पाय भरून आले होते, म्हणजे बराच वेळ उभी असावी. गॅसवर दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता. बाबा समोर खुर्चीत. अंगठा वर.

तिचा संयम सुटला. ती त्यांच्या अंगावर धावून गेली.

"काय लावलंय हे? मी काय तुमची क्रेन आहे? आयुष्यभर नाचवलंत, अजून पोट भरलं नाही?"

"मी काय केलं?" बाबा ओरडले. "करतेस तूच! ते तुझं यंत्र, ती तुझी टोपी! मला नाही यायचं उद्या तिकडं. पुरे झालं."

"यावं लागेल. सुधारणा होतेय तुमच्यात."

"हरामखोर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. तिला वाटलं, रागानं फाटला.

त्या दिवशी तिनं ठरवलं, बघायचंच नाही. बाबा असतील तिथं डोळे जमिनीवर. अंगठा दिसलाच नाही तर शरीर कशाला उठेल? तिनं डोळे जमिनीवर ठेवून संध्याकाळचं जेवण वाढलं, ताटं उचलली, ओटा पुसला, आणि तिला फार बरं वाटलं. मग ती बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला बसायचं नव्हतं, आपण बॅग भरायला आत निघालो होतो.

तिनं वर बघितलं. अंगठा खाली होता. तिनं तर तो बघितला नव्हता. मग वळण कसलं आणि सवय कसली? डॉक्टरीणबाईंचं चोख स्पष्टीकरण तिथंच गळून पडलं, आणि दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

६

शेवटच्या उपचाराच्या दिवशी ताकद पुन्हा मोजायची होती. रोजचे ठोके यंत्र आपोआप देई, पण हे मोजणं नियमानं हातानंच करावं लागे. म्हणजे पायानं.

तिनं दार आतून लावलं. टोपी चढवली, चिकटपट्टे लावले, कॉइल स्टँडला अडकवून बाबांच्या डोक्यावर टेकवली. मग पेडल उचललं, वायर ताणून ते कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाखाली सारलं, आणि स्वतः स्टुलावर मांडी घालून बसली. दोन्ही पाय दुमडलेले. दोन्ही हात काखेत दाबलेले. आता हलवा म्हणावं काय हलवायचं ते.

पंखा घुमत होता. बाबांचा श्वास जड येत होता. ती अंगठ्याकडे बघत राहिली. तो मांडीवर पडलेला, सुरकुतलेला, नखाशी पिवळा पडलेला, अगदी कुणाचाही असावा तसा.

तो उचलला गेला. हळूच, खात्रीनं, एखादं जड काम नाजूकपणे करायचं असतं तसा.

टक्क.

ती स्टुलावर नव्हती. ती जमिनीवर पालथी पडली होती, गाल गार फरशीला चिकटलेला, उजवा हात खांद्यापर्यंत कपाटाखाली घुसलेला. कपाटाच्या कडेनं दंड खरचटून रक्त येत होतं. बोटांखाली पेडल होतं. मधलं काही, स्टुलावरून उतरणं, सरपटणं, काहीच तिच्यापाशी नव्हतं. जणू फीत कापून दोन टोकं जोडली होती.

वर खुर्चीत बाबा बोलत होते, दात-ओठ खात. "झालं का तुझं मन शांत? झालं का?"

ती उठली. तिनं टोपी ओरबाडून काढली. बाबांचे चार केस टोपीबरोबर आले. त्यांचा गळाच धरावासा वाटला, म्हणून ती तडक दार उघडून निघाली.

बाहेर डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "तुमच्या वडिलांनी तर कमाल केली! एवढी सुधारणा अख्ख्या अभ्यासात कुणाची नाही. आणि तुमच्या हाताला हे काय झालं?"

"पडले," ती म्हणाली. भावाला तिनं तिथूनच फोन केला. "उद्याच ये. हो, सगळं करतात स्वतःचं. गाडी घेऊन ये आणि घेऊन जा."

७

भाऊ दुपारी आला. वर यायला तयारच होईना. "मी खालीच थांबतो, ताई. त्या घरात माझा जीव घुसमटतो. तू त्यांना घेऊन उतर, तुला वाटेत स्टेशनवर सोडतो." त्याचंही खरं होतं. पळालेला माणूस आपण होऊन त्या घरात कशाला शिरेल?

तिनं बाबांची पिशवी दाराशी ठेवली. स्वतःची बॅग खांद्याला अडकवली. घर आवरलेलं, पडदे काढलेले, बाहेरच्या खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन. बाबा खिडकीसमोरच्या खुर्चीत, नवा शर्ट घालून, डोळ्यांवर चष्मा, हात मांडीवर. तिला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, आनंदानं तिला रडू येत होतं. आणखी थोडा वेळ, मग आयुष्यात पुन्हा हा हात बघायचा नाही.

"चला, बाबा. गाडी आलीय."

अंगठा खाली वळला.

ती समोरच्या खुर्चीत बसली. बॅगेचा पट्टा खांद्यावरून घसरला आणि बॅग जमिनीवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "बाबा, नाही हं. तुमच्या पाया पडते. आज नको."

तिनं उठायचा प्रयत्न केला. मांड्या दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा पडून राहिल्या. मग तिच्या मनात आलं, की निदान या माणसाच्या तोंडावर थुंकावं. आणि त्यासाठी, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच, तिनं अंगठ्यावरची नजर काढून बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

बाबा रडत होते. आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून, पोरं रडतात तसे. गालांवरून पाणी वाहून नव्या शर्टाची कॉलर भिजली होती. ही आजची गोष्ट नव्हती, हे तिला बघताक्षणी कळलं. ते रोज असेच रडत असणार, खुर्चीत, टेबलाशी, ती अंगठ्याकडे बघत असताना.

"पोरी," ते कुजबुजले, "थांबव ना गं. चुकलं माझं सगळं. मारलं तुला, छळलं. पण आता पुरे कर. माझा हात मला दे."

"मी?" ती म्हणाली. "मी काय थांबवू? तुम्ही करताय ना हे!"

"मी कशाला करू? मला वाटलं तू. यंत्र तुझं, टोपी तुझी…" ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं रडू जागच्या जागी गोठलं. "तू नाहीस?"

ते बोलत तिच्याशी होते, पण बघत तिच्याकडे नव्हते. तिच्या कमरेच्या बाजूनं, मागं, खाली. पापणी लवत नव्हती. माल कुठं आहे, कोण ओरडतंय, कशाचंही भान नसलेली ती नजर तिनं कधी बघितली नव्हती, पण बाबांनी पाहुण्यांपुढं तिचं वर्णन हजारदा केलं होतं. क्रेनवाला हाताकडे बघतो तेव्हा असा बघतो.

तिच्या मागं फक्त खिडकी आणि खिडकीखालची भिंत होती. तिथून काही आवाज येत नव्हता.

"बाबा, कुणाकडे बघताय?"

"मागं वळू नको," बाबा म्हणाले.

तिला वळता आलंही नसतं. मान वळत नव्हती. पण बाबांच्या चष्म्याच्या काचेत खिडकीचा उजेड पडला होता, त्या उजेडात तिचे स्वतःचे केस होते, आणि त्यांच्या खाली, खुर्चीच्या पायाजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काहीतरी फिकट उभं होतं. त्याची बोटं तिला दिसली नाहीत. अंगठा होता. तो सावकाश वर झाला.

मग बाबांचा झाला. मग ती उठली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक, चिडलेला. भाऊ! तो तरी सुटलेला आहे, त्याला तरी यातलं काही शिवलेलं नाही. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ती किंचाळली, "वर येऊ नकोस! जा! गाडी काढ आणि जा! वर येऊ नकोस!"

हॉर्न बंद झाला. गाडीचं दार धाडकन आपटलं. एवढी किंकाळी ऐकून कुठला भाऊ खाली थांबेल? जिन्यावर पावलं वाजली, धावत, दोन-दोन पायऱ्या घेत.

"नको रे," ती म्हणाली. बाबांच्या चष्म्यातला अंगठा खाली वळत होता. बाबांनी डोळे गच्च मिटले, तरी त्यांचा हात त्याच्यामागोमाग वळला. तिचे गुडघे दुमडले.

भाऊ दारात आला. घामाघूम, घाबराघुबरा. "काय झालं? ताई, कोण आहे? कुणी मारलं का तुला?" असं विचारत तो आत आला, आणि विचारता विचारताच भिंतीजवळची खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला.